केदारेश्वरापर्यंत पायी

मु. धर्मापुरी, ता. परळी वैजनाथ, जि. बीड
ज्येष्ठ वद्य द्वादशी

चि. बाळास,

मोबाइलवर तू पाठविलेला लांबलचक मजकूर तुझ्या मामीने मला दोनदा वाचून दाखविला, आणि त्याचे उत्तर अंगठ्याने टंकण्याइतका धीर माझ्यापाशी नसल्यामुळे ते कागदावर लिहून रवाना करीत आहे. व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी एकरकमी भरल्यावर दुसऱ्याच महिन्यात पावले तिकडे वळेनाशी झाली, गोड सोडण्याचा संकल्प कचेरीतल्या कोणाच्या तरी वाढदिवशी मोडला, पहाटेचा गजर आता केवळ बंद करण्यासाठीच वाजतो, आणि एवढे सगळे झाल्यावर ‘मामा, प्रेरणा कोठून आणू?’ असा तुझा सवाल आहे. आधी मनाला उभारी यावी आणि मग तिच्या हुकमाने शरीर हलावे, हे तू या सवालात गृहीत धरलेले आहेस. ते मला मंजूर नाही. महसूल खात्यात उभी हयात कारकुनी केलेल्या माणसाला एवढे निश्चित ठाऊक असते, की ज्या कामाचा निकाल मर्जीवर सोपविला जातो त्या कामाचे प्रकरण दफ्तरातच राहते.

लंडन शहरातील दुमजली बसगाड्यांच्या नोकरांचा जेरी मॉरिस नावाच्या वैद्यकशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास 1953 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एकाच गाडीवर, एकाच शहराच्या धुरात आणि जवळपास सारख्याच पगारात दिवस काढणाऱ्या दोन माणसांपैकी दिवसभर आसनावर बसून राहणाऱ्या चालकाला हृदयविकार अधिक जडत होता, तर तिकिटांसाठी गाडीचा जिना सतत चढउतार करणाऱ्या वाहकाला तो कमी, आणि जडलाच तर पुष्कळदा उशिरा व सौम्य स्वरूपात जडत होता. तीनच वर्षांनी याच मॉरिसने गणवेशाच्या मापांची कागदपत्रे तपासून असेही दाखवून दिले, की चालकांच्या विजारींचा घेर ऐन तारुण्यातही वाहकांपेक्षा मोठाच होता. म्हणजे सगळा दोष एकट्या खुर्चीच्या माथी मारता येत नाही, हे ज्याने आरोप ठेवला त्यानेच रुजुवात करून सांगितले, आणि हा प्रामाणिकपणा मला त्याच्या मूळ शोधाइतकाच आदरणीय वाटतो. पण तुझ्या प्रश्नापुरता मुद्दा निराळा आहे. त्या वाहकांपैकी एकही जण आरोग्यासाठी जिना चढत नव्हता. त्याला प्रेरणा नव्हती, त्याला तिकिटे फाडावयाची होती.

आपल्या मुलुखातही कालपरवापर्यंत हीच व्यवस्था होती. विहिरीचे पाणी, रानातला गोठा, परळीचा बाजार, वैजनाथाचे दर्शन, ही सारी कामे पायांच्या हिशेबी जमा होती, आणि त्या काळच्या माणसांना व्यायामाचे महत्त्व कळत होते असा दावा करणे म्हणजे त्यांच्या गरजेला शहाणपणाची सनद देणे होय. आज दारात नळ आहे आणि नळाशेजारी मोटारसायकल आहे, तिच्यावर बसून आपला तरुण शेतकरी चार शेते ओलांडून दूध घालावयास जातो. देशात मधुमेहाचे दहा कोटींहून अधिक रुग्ण असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 साली समोर आले, ते केवळ तुमच्या पुण्या-मुंबईचे नव्हेत.

येथे एक अपवाद नोंदविल्याशिवाय पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. दिवाळीच्या मागेपुढे मुकादमाकडून उचल घेऊन याच जिल्ह्यातील जी लक्षावधी माणसे साखरपट्ट्यात ऊसतोडीला जातात, ज्यांच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, त्यांच्यापुढे व्यायामाची गोष्ट काढणे ही क्रूर थट्टा आहे. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाईला हालचाल कमी पडत नाही; तिला विसावा, दवाखाना आणि वेळेवरचे अन्न कमी पडते. तेव्हा हे पत्र तुझ्यामाझ्यासारख्या, ज्यांचे श्रम यंत्रांनी आणि इतर माणसांनी उचलले आहेत अशा सावलीतल्या लोकांपुरतेच आहे असे समज.

आता तू म्हणशील, की माझ्या नोकरीत जिना नाही आणि मला बाहेरची कसलीच सक्ती नाही, तर मी काय करावे? ज्याच्यावर कोणाचीच सक्ती नव्हती अशा एका माणसाचा दाखला यासाठी देतो. सातारा भागातील औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी स्थूलतेवर उपाय म्हणून सँडो या युरोपात गाजलेल्या मल्लाची उपकरणे व पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे निष्ठेने मेहनत केली, आणि पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या आग्रहावरून 1908 च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले ते कायमचेच. संस्थानिकाला पहाटे उठविण्याची छाती कोणाची? तरीही तो क्रम पुढे कित्येक दशके चालू राहिला, आणि 1938 साली लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंच्या साहाय्याने त्यांचा नमस्कारांवरील ग्रंथ इंग्लंडात प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

या चिकाटीचे श्रेय लोक राजाच्या मनोनिग्रहाला देतात; मी ते त्याने लावून घेतलेल्या बंदोबस्ताला देतो. वेळ ठरलेली, ती प्रातःकाळची, म्हणजे दरबारची कामे, पाहुणे आणि कंटाळा हे तिन्ही जागे होण्याच्या आधीची. जागा घरातलीच. साधन काही नाही, एक पथारी असली की पुरे. प्रत्येक नमस्काराला मंत्र जोडलेला, त्यामुळे पुढे काय करावयाचे हा विचारच उरत नाही. आणि मुख्य म्हणजे सोबत: राणीसाहेब आणि मुलेबाळेही नमस्कार घालीत, आणि ज्या घरात सगळेच उठतात त्या घरात निजून राहण्यालाच धैर्य लागते. सँडोच्या उपकरणांना मी नावे ठेवीत नाही, दहा वर्षे ती चालली हीही लहान गोष्ट नव्हे. परंतु ज्या व्यायामाला सामानसुमान लागते तो प्रवासात, पाहुण्यांत आणि आजारपणात प्रथम सुटतो, आणि तुझी व्यायामशाळा तर घरापासून वाहतुकीच्या दोन चौकांपलीकडे आहे.

महाराजांनी संस्थानच्या शाळांतूनही नमस्कार सक्तीचे केले, याविषयी मात्र माझे मन दुभंगलेले आहे. 1948 साली संस्थान विलीन झाले आणि त्याबरोबर त्या हुकमाची मुदतही संपली. ज्यांनी नमस्कार केवळ हजेरीसाठी घातले असतील त्यांचे ते तेथेच थांबले असतील, हा आपला माझा तर्क. पण त्याच औंधात 1918 पासून राहिलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर, ज्यांना कसल्याही राजाज्ञेची गरज नव्हती, ते वेदांच्या भाष्यांबरोबर नमस्कार-आसनांचाही प्रसार करीत राहिले आणि 1968 साली वयाच्या एकशेएकाव्या वर्षी निवर्तले. नमस्कारांनीच त्यांना शंभरी दिली असे मी म्हणणार नाही, कारण आयुष्याचे एवढे सोपे गणित मांडणाऱ्यांची मला भीती वाटते.

राजाची गोष्ट राजापाशी राहू दे, धर्मापुरीतली गोष्ट सांगतो. येथे उगाच चालणे हा गुन्हा नसला तरी संशयास्पद वर्तन खास आहे. निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या ताकिदीवरून मी सकाळी रस्त्याने निघू लागलो, तर पहिला मोटारसायकलवाला थांबून म्हणे, “काय मामा, गाडी बंद पडली का?” दुसरा म्हणे, “बसा की, सोडतो.” तिसऱ्याला वाटे घरात काहीतरी भांडण झाले असावे. रोज सकाळी चौघांना खुलासा देण्यापेक्षा घरी बसणे परवडते, आणि माझी खात्री आहे की खेड्यांत व्यायाम आळसाने जितका सुटतो तितकाच या खुलाशांनी सुटतो. बायकांची अडचण तर याच्या दसपट. घराबाहेर कामाशिवाय पडलेले त्यांचे एक पाऊल गावाला दिसते आणि घरात त्यांनी दिवसभर टाकलेली पावले कोणालाच दिसत नाहीत.

तोड निघाली ती आपल्या केदारेश्वरामुळे. त्या चालुक्यकालीन देवळाच्या भिंतींवरील सुरसुंदरी पाहावयास दुरून अभ्यासक येतात. गावाला त्यांचे नावीन्य राहिलेले नाही, परंतु ‘देवळाला चाललो’ एवढे दोन शब्द मात्र अजून चलनात आहेत. ते उच्चारले की चौकशी खलास. कोणी गाडीवर बसा म्हणत नाही, कारण देवाला पायी जाणे हे या मातीत स्वयंसिद्ध आहे. तुझ्या मामीने शेजारच्या दोघीतिघींना बरोबर घेतले, आणि प्रदक्षिणांची संख्या वाढविण्यास तर कोणाच्याच सासूची हरकत नसते. मी फारसा देवभोळा नाही हे तू जाणतोस. पण एक ठिकाण, एक वेळ आणि वाट पाहणारे एक माणूस, एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या की उत्साहाची फारशी गरजच उरत नाही. शेगावहून श्रीगजानन महाराजांची पालखी दरसाल परळी-अंबाजोगाईच्या वाटेने पंढरीला जाते, सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर महिनाभरात पायी तोडते; त्या दिंडीतील वारकऱ्याला ‘आज चालण्याची इच्छा आहे का?’ असे कोणी विचारीत नाही, आणि तोही स्वतःला विचारीत नाही. तू मात्र रोज सकाळी हाच खटला नव्याने दाखल करून घेतोस, दोन्ही बाजूंची वकिली स्वतःच करतोस, आणि न्यायाधीश अंथरुणात असल्यामुळे निकाल ठरलेलाच असतो.

सवय जडावयास किती दिवस लागतात, असे तू विचारले आहेस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांवर बारा आठवडे ठेवलेल्या नजरेचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. निवडलेली कृती आपोआप घडू लागण्यास लागणारा मध्यम काळ 66 दिवसांचा निघाला, परंतु कोणाला 18 दिवस पुरले तर कोणाचा अंदाज 254 दिवसांवर गेला. एक पेला पाणी पिण्याची सवय लवकर जडली, व्यायामाची उशिरा. तेव्हा एकवीस दिवसांत माणूस बदलून देणाऱ्यांच्या जाहिरातींवर विसंबू नकोस. याच अभ्यासात असेही आढळले, की एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात लक्षात घेण्याजोगा बिघाड होत नाही. आमच्या खात्यात पिकांची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली म्हणजे सारावसुली तहकूब होई. पण तहकुबी दिली म्हणून कोणा खातेदाराचे नाव सातबाऱ्यावरून कमी होत नसे. एक दिवस बुडाला की तू दुसऱ्या दिवशी स्वतःचे नावच खोडून टाकतोस, आणि मग पुढच्या पाडव्याची किंवा जानेवारीची वाट पाहतोस. तसे करू नकोस, आणि बुडालेल्या दिवसाची दुप्पट वसुलीही पुढच्या दिवशी करू नकोस. त्याने गुडघे जातात.

खाण्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आजकाल उपदेशाचा पूर आलेला आहे. रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालण्याचा घरचा जुना परिपाठ तू मोडलास तो पुन्हा सुरू कर. चालता स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर ओढून घेतो, हे आता शरीरशास्त्राला चांगले उमगलेले आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान 150 मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. दहा हजार पावलांचा जो आकडा तुझ्या मनगटावर लुकलुकतो, त्याचा उगम मात्र 1965 च्या सुमारास एका जपानी पाऊलमापकाच्या जाहिरातीत आहे, तेव्हा तो पुरा न झाल्याचे सुतक पाळण्याचे कारण नाही. चहाची बाब अधिक बिकट. आपल्याकडे बिनसाखरेचा चहा मागणे म्हणजे यजमानाच्या ऐपतीवर शंका घेणे. केवळ ‘शुगर आहे’ असे म्हणणाऱ्याला तत्काळ माफी मिळते. रोग जडल्याशिवाय पथ्याची परवानगी न देणारा असा समाज दुसरीकडे कोठे असेल तर मला कळव. तोवर यजमानाशी वाद न घालता अर्धा कप मागावा, हा मध्यम मार्ग.

तुझे वय चाळिशीकडे झुकले आहे आणि तुझ्या आजोबांना मधुमेह होता, म्हणून आरंभापूर्वी एकदा रक्तदाब व साखर तपासून घे. आणि मला उत्तर पाठविशील त्यात तुझ्या मनःस्थितीचे वर्णन नको, कारणेही नकोत, नव्या बुटांची छायाचित्रे तर मुळीच नकोत. उद्यापासून किती वाजता, कोठून कोठपर्यंत आणि कोणाबरोबर चालणार, एवढ्याच तीन बाबी लेखी कळव. सूनबाई तयार असेल तर तिचेच नाव घाल, म्हणजे दोघांचेही काम होईल.

कळावे.

तुझा,
मामा