कापलेला शेवट

पडद्यापुढे किती वेळ बसावे, याचे नियम आता पुष्कळ घरांत आहेत. काय पाहिले, हे मात्र मुलांना क्वचितच विचारले जाते. आम्हांला चिंता वाटते ती याची. २०१८ साली मूल पळविल्याची एक चित्रफीत भारतभर मोबाइलवरून फिरली. मुळात ती कराचीत पालकांना सावध करण्यासाठी बनविलेली. मूल परत आणून देण्याचा शेवट कोणीतरी कापला होता. अशाच अफवांपायी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध डवरी गोसाव्यांचा जीव घेतला. म्हणून पालकांना आम्ही सुचवितो : मुलांसोबत बसून पाहा आणि विचारा, ‘हे कोणी केले? कशासाठी? यातले काय कापले असेल?’ ही सवय जडलेले मूल मोठेपणी अफवेमागे धावण्यापूर्वी क्षणभर थांबेल. तेवढ्या क्षणात एखादा जीव वाचू शकतो.