वेचणारे हात किती?

आमच्या शाकाहारी घरातील पंक्तीत अष्टपादाचा, म्हणजे ऑक्टोपसचा विषय निघावा, हे नवलच! सागरी जीवशास्त्र शिकणाऱ्या माझ्या पुतणीने विचारले, "काका, कपारीत दडणारा, क्षणात रंग पालटणारा हा प्राणी मोजीत कसे असतील?" वहिनी रागावल्या, "जेवताना हे कसले बोलणे!" मला मात्र आजीची आठवण झाली.

वळवाचे वादळ होऊन गेले की परसातील उंच गवतात पडलेल्या कैऱ्या आम्ही मुले वेचीत असू. पहिल्या फेरीत ४०, दुसरीत २०, तिसरीत १० मिळाल्या की आजी म्हणे, "आता दहाएक उरल्या असतील." एकदा तिसऱ्या फेरीत ३० मिळाल्या. मी हर्षाने टोपली दाखविली, तोच तिने विचारले, "वेचणारे हात किती होते?" शेजारची मुले येऊन मिळाली होती, हे मी सांगितलेच नव्हते!

शास्त्रज्ञांची एक रीत हीच आहे. दडलेले मोजता येत नाही; म्हणून हाती आलेले मोजावे, त्यासाठी किती जण किती वेळ खपले तेही नोंदवावे, आणि तेवढ्याच श्रमांची मिळकत कशी घटते यावरून उरलेल्याचा अदमास बांधावा.

मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मोठ्या ओहोटीला वेझो स्त्रिया भाला घेऊन प्रवाळखडकांत अष्टपाद शोधतात. हा प्राणी वर्ष-दीड वर्षच जगतो, पण झपाट्याने वाढतो. मादी एकदाच अंडी घालते व ती राखता राखता प्राण सोडते. २००४ साली तेथील आंदावादोआका गावाने एका खडकावरील शिकार काही महिने बंद ठेवली. इतर गावांनीही तो कित्ता गिरविला. २०११ पर्यंतच्या अशा ३६ प्रसंगांचा अभ्यास झाला, तेव्हा दिसले की बंदी उठल्यानंतरच्या महिन्यात एकूण पकड ७०० टक्क्यांहून अधिक वाढली. परंतु श्रमांच्या मानाने ती वाढ सुमारे ८७ टक्केच होती. वेचणारे हातच वाढले होते! नुसती टोपली पाहणाऱ्यास समुद्र भरून गेल्याचा भास झाला असता.

वहिनींनी ताक वाढता वाढता विचारले, "पण त्या महिन्यांत त्या बायकांनी खायचे काय?"

"बाकीचे खडक खुले असतात, आई."

"आणि तुमचा अदमास चुकला तर?"

पुतणी गप्प राहिली. साठा अधिक धरला तर उद्याचा खडक रिता. उणा धरला तर आजची चूल थंड. चूक वहीत होते, तिचे प्रायश्चित्त मात्र ओहोटीत उभी असलेली बाई घेते. शास्त्र शिकायला निघालेल्या मुलीस पहिला धडा तिच्या आईनेच दिला, असे मला वाटले.