आधी ताटातलं वरण बघा

सौंसर-पांढुर्ण्याकडे हल्ली पोरं जिमला जाऊ लागली आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण व्यायामाबरोबर अमिनो ॲसिडच्या पावडरचे डबेही घरात आले. गेल्या दिवाळीत पांढुर्ण्याला काकांकडे गेलो, तेव्हा चुलतभावाने असाच एक डबा पुढे केला. "दादा, हे घेऊ ना?" मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण लेबल नीट वाचलं आणि थोडा अभ्यास केला.

डब्यावर बीसीएए लिहिलं होतं. म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो ॲसिडं. आपली प्रथिनं २० अमिनो ॲसिडांची बनतात. त्यातली ९ शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती जेवणातूनच यावी लागतात. स्नायू बांधायला ही नऊही लागतात. नुसत्या विटा आणल्या आणि सिमेंटच नसलं, तर भिंत कशी उभी राहणार?

गंमत म्हणजे ल्युसिन आपल्या ज्वारीत भरपूर असतं. इतकं, की १९६० च्या सुमारास हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्रा रोगाचा संबंध त्याच्याशी जोडला. पुढे त्यावर मतभेद झाले. ज्वारीत कमी पडतं ते लायसिन, आणि ते तुरीच्या, हरभऱ्याच्या डाळीत भरपूर असतं. उलट डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळतं. भाकरी-वरण, भाकरी-झुणका ही जोडी म्हणूनच पक्की.

अडचण प्रमाणाची आहे. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम असतात, पण पातळ वरणाच्या एका वाटीत डाळ असते किती?

हे भावाला सांगत होतो, तेव्हा काकू जेवायला बसल्या. सगळ्यांचं झाल्यावर, नेहमीसारख्या. वाटीत वरणाचं वरचं पाणी होतं. घरात महागडा डबा होता आणि ज्यांचे गुडघे दुखतात, जिना चढताना दम लागतो, त्यांच्या वाट्याला डाळच नव्हती. वय वाढतं तसे स्नायू झिजतात, त्यांनाही प्रथिनं लागतात. भाऊ काही बोलला नाही. पण त्या रात्री वरण घट्ट झालं आणि काकू आमच्यासोबत बसल्या.

अमिनो ॲसिडची पावडर निरुपयोगी आहे असं नाही. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात आजाराच्या मुलांना फिनाइलॲलनिन वगळलेलं खास मिश्रण लागतंच. मात्र ते डॉक्टर ठरवतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

बाकीच्यांनी आधी डाळ, दूध, दही, शेंगदाणे, चालत असतील तर अंडी वाढवावीत. आणि आज घरी जेवताना आईच्या वाटीत एकदा डोकावून बघा.