जागरणाचे दप्तर

कॉफीगृहाचा इतिहास लिहिणे त्या मानाने सोपे असते. कारण कॉफीगृह आपला इतिहास स्वतःच लिहून ठेवीत असते. १९३६ साली मुंबईत निघालेले इंडिया कॉफी हाऊस, १९५०च्या दशकात कॉफी मंडळाने अशी गृहे बंद करावयास घेतल्यावर ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी उभारलेल्या सहकारी संस्था, १९५७ साली बंगलोरला स्थापन झालेली त्यांतली पहिली संस्था, हा सगळा क्रम कागदोपत्री सापडतो. शिवाय त्या टेबलांशी बसून गेलेल्या लेखकांच्या आठवणी असतातच. अशा संस्थांपैकी एक जबलपूरची. त्या जबलपूरहून निघणारी छोटी रेल्वे ज्या गोंदियाला येऊन थांबे, तेथे मात्र रात्रभर जागली ती चहाची दुकाने. आणि त्यांचे दप्तर कुठेच नाही.

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीसारख्या गावी बसून ज्याला अशा दुकानाचा इतिहास नोंदवावासा वाटेल, त्याची अडचण पहिल्याच पानावर सुरू होते. दुकान म्हणजे नेमके काय? ठेल्याची जागा बदलते, चालवणारा बदलतो, पत्रे बदलतात. गिऱ्हाईक मात्र ते 'तेच' दुकान समजतो. पुरावा म्हणून परवाना शोधावा, तर कायद्याच्या दृष्टीने हे दुकान रात्री अस्तित्वातच नसते. १९४८च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाने उपाहारगृहे बंद होण्याची वेळ ठरवून दिली होती. मध्यरात्रीनंतर पेटलेली भट्टी म्हणजे नियमभंग, आणि नियमभंग करणारा स्वतःची वही कशाला ठेवील? २०१७च्या नव्या अधिनियमाने चोवीस तास व्यवहाराची मुभा दिली. पण दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीऐवजी केवळ सूचना पुरेशी ठरवली. म्हणजे आधी बेकायदेशीर म्हणून जे नोंदीबाहेर होते, ते आता किरकोळ म्हणून जवळजवळ नोंदीबाहेर आहे. अभिलेखागाराचे मौनदेखील काही सांगते असे आपण वर्गात शिकवतो. येथे ते मौन कोणत्या वर्षी कशामुळे बदलले, हेही सांगता येते.

तेव्हा कागद दुसरीकडे शोधावा लागतो. रेल्वेचे वेळापत्रक हा या दुकानाचा खरा आधारग्रंथ होय. हावडा–नागपूर–मुंबई हा मुख्य मार्ग रुंद मापाचा. सातपुड्यातून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झालेला मार्ग अडीच फुटी. दोन मापे एकत्र येतात तेथे डबा पुढे जाऊ शकत नाही. माणसाला उतरावे लागते आणि पोते पाठीवर घेऊन दुसऱ्या वाघिणीत टाकावे लागते. छोटी गाडी उशिरा यायची, मोठी तिच्यासाठी थांबायची नाही. या दोन वेळांमधल्या फटीत रात्रीचा चहा उभा राहिला. तो रसिकतेतून आलेला नाही, गैरसोयीतून आला आहे.

युर्गेन हाबरमास यांनी १९६२च्या ग्रंथात कॉफीगृहाला सार्वजनिक चर्चेच्या अवकाशाचे स्थान दिले, आणि दीपेश चक्रवर्ती यांनी कलकत्त्याच्या 'अड्ड्या'वर लिहिताना त्या अवकाशाला आपल्याकडचे वळण दाखवले. दोन्ही मांडण्या मोलाच्या आहेत. पण दोन्हींतला माणूस बसलेला आहे. त्याने संध्याकाळ राखून ठेवलेली आहे. जंक्शनवरचा माणूस उभा असतो, एक डोळा फलाटावर असतो, आणि त्याच्या बोलण्याचा शेवट गाडी ठरवते. नागपूरला रुग्ण घेऊन निघालेला, भरतीला चाललेला, पोती वाहून थकलेला हमाल, यांच्यात चर्चा होत नाही असे नाही. पण ती पुढे जमत नाही, कारण तीच माणसे पुन्हा भेटत नाहीत. मराठी समीक्षेने हॉटेलाची दखल घेतली ती बहुधा तेथे कवी बसला म्हणून. काळा घोड्याजवळच्या वेसाइड इनचे नाव टिकले ते अरुण कोलटकरांमुळे. ज्या दुकानात कोणी कवी बसला नाही, त्याचे काय करावे, याचे उत्तर आपल्या पद्धतीत नाही.

आणि कोण बसू शकत होते, हा प्रश्न तर त्याहून अवघड. चहाच्या दुकानाविषयीचे स्मरणरंजन या ठिकाणी नेमके मूग गिळते. स्वातंत्र्यापूर्वी स्थानकांवर हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगळा मिळे. गावच्या दुकानात महारांसाठी वेगळी कपबशी असे, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करण्याचा प्रसंग शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) आला आहे. जंक्शनच्या गर्दीत जात विचारायला सवड नसते, म्हणून तेथे समता नांदली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण सवड नसणे आणि भेद नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद करणाऱ्याने पेला कोण विसळत होते हे विचारल्याशिवाय वही मिटू नये.

विचारायला फार वेळ उरलेला नाही. गोंदिया–बालाघाट मार्ग या शतकाच्या पहिल्या दशकात रुंद झाला, जबलपूरकडची छोटी गाडी २०१५ साली थांबली, आणि २०२०च्या सुमारास रुंद मार्ग सलग झाला. प्रवाशाच्या दृष्टीने हे निखळ भले झाले. मापासाठी गाडी बदलण्याचे कारण संपले आणि पोत्यांची ती फेरभरतीही. फटीवर जगणाऱ्यांची आठवण ही आता एका पिढीपुरती गोष्ट आहे. चहा अजून मिळतो, रात्रीही मिळतो. वाट पाहणे मात्र पूर्वीचे नाही.

या आठवणी कोणत्या भाषेत उतरवाव्यात? गोंदियाच्या ठेल्यावर हिंदी, मराठी, पोवारी, छत्तीसगढी एकाच वाक्यात भेटू शकतात. तेथे 'चाय' मागतात. प्रमाण मराठीत लिहिणारा सवयीने 'चहा' लिहून मोकळा होतो, आणि त्याच्या लक्षातही येत नाही की साक्षीदाराचे तोंड त्याने बदलले. १९३०च्या दशकात चहाच्या प्रचारकांनी स्थानकांवर देशी भाषांतून चहा कसा करावा याच्या पाट्या लावल्या होत्या. पत्ती उकळू नका, असा त्यांचा आग्रह. विक्रेत्याने दूध-साखर घालून ती खुशाल उकळली. लिखिताचे इतके यशस्वी अपवाचन मराठी प्रदेशात दुसरे क्वचितच झाले असेल. तरी त्या प्रचारमोहिमेचा वृत्तांत ग्रंथालयात सापडतो, आणि उकळणाऱ्याचे नाव विचारायला अजून स्टेशनावरच जावे लागते, तेही रात्री, मोठी गाडी निघून गेल्यावर, जेव्हा त्याला बोलायला पाच मिनिटे मिळतात.