तार नसलेलं कुंपण

‘लोनली आर द ब्रेव्ह’ हा १९६२ चा कृष्णधवल वेस्टर्न. घोडा आणि माळरान जुनंच, काळ मात्र नवा: डोक्यावरून जेट विमानं जातात, वाटेत हायवे आडवा येतो. कर्क डग्लसनं रंगवलेला जॅक बर्न्स न्यू मेक्सिकोच्या रानात भटकतो. काटेरी तार दिसली की तोडतो. त्याला ना पत्ता, ना ओळखपत्र. मी कोण हे मला ठाऊक आहे, मग कार्ड कशाला, असा त्याचा खाक्या. पटकथा डाल्टन ट्रंबोची. अमेरिकेतल्या कम्युनिस्टांच्या झाडाझडतीत साक्ष नाकारली म्हणून तुरुंग भोगलेला हा लेखक. तार तोडण्याची किंमत त्याला माहीत होती.

बीडमध्ये बसून हा सिनेमा पाहताना मला जॅकचा हेवा वाटला आणि थोडा रागही आला.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या धारूर, केज, वडवणी, पाटोद्याकडची गावं ओस पडतात. माणसं सांगली, कोल्हापूरला, थेट कर्नाटकातही ऊस तोडायला जातात. त्यांच्या वाटेत तार नसते. कुंपण असतं ते मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचं, म्हणजे आगाऊ पैशांचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. खाडा पडला की पैसे कापले जातात. ताप, पाळी, बाळंतपण यांना हिशेबात जागा नाही. २०१९ मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया गाजल्या आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कामात खंड नको, हेही एक कारण बायकांनी सांगितलं होतं. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते, म्हणजे येणारं वर्षही आधीच विकलेलं. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ पासून आहे.

सिनेमात जॅक आपल्या मित्राला, पॉलला, सोडवायला मुद्दाम तुरुंगात शिरतो. पॉल पळायला नकार देतो. बायको आहे, पोर आहे. शिक्षा भोगून त्याला उजळ माथ्यानं घरी जायचंय. पडद्यावर तो भित्रा वाटतो. ऊसतोड्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पाहिलेल्या माणसाला तो शहाणा वाटेल. पळणं एकट्याला जमतं. कोपीत निजलेलं लेकरू, दावणीचे बैल आणि गावी ठेवलेली म्हातारी, एवढं सगळं मागं टाकून कोण पळेल? जॅक पळतो, आणि पावसाळी रात्री हायवेवर ट्रकखाली सापडतो.

जॅकला कागद ही बेडी वाटते. आमच्याकडं बेडी पडते ती कागद नसल्यामुळं. सौदा तोंडी, हिशेब दुसऱ्याच्या वहीत, आणि कोयत्यातल्या बाईचं नाव बहुधा कुठंच नाही. ऊसतोड कामगारांना ओळखपत्र द्यायचं सरकारनं ठरवलं, ते बरंच झालं. पण त्यानं उचल फिटत नाही. कारखान्याची मोळी पडण्याआधी, म्हणजे हंगाम सुरू होण्याआधी, प्रत्येक कोयत्याचा लेखी करार झाला पाहिजे, त्यावर बाईचंही नाव आणि सही असली पाहिजे, आणि त्याची एक प्रत तिच्या हातात मिळाली पाहिजे.