ट्रेजनची खिंड : एका अफवेची किंमत

बल्गेरियाची राजधानी सोफिया मागे टाकून प्लॉव्हडिव्हच्या दिशेने निघाले, की तासाभराच्या आत इख्तिमान हे लहानसे शहर लागते. पुढे रस्ता डोंगरात शिरतो. दोन्ही बाजूंना दाट झाडी, मग एक बोगदा. मोटार क्षणात पलीकडे जाते आणि थ्रेसच्या मैदानाकडचा उतार सुरू होतो. बहुतेक प्रवाशांना कळतही नाही, की आपण ‘ट्रेजनचे दार’ ओलांडले!

रोमन सम्राट ट्रेजन याच्यावरून या खिंडीला हे नाव पडले. बेलग्रेडकडून कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, जाणारा रोमनांचा लष्करी मार्ग इथूनच जात असे. बोगद्याजवळच्या टेकडीवर स्तेनोस नावाच्या किल्ल्याच्या पडक्या भिंती आजही उभ्या आहेत. ग्रीक भाषेत ‘स्तेनोस’ म्हणजे अरुंद. जागा पाहिली, की नाव पटते.

याच अरुंद वाटेवर 17 ऑगस्ट 986 रोजी बायझंटाइन साम्राज्याची फौज कापली गेली. सम्राट बेसिल दुसरा तेव्हा अवघ्या अठ्ठावीस वर्षांचा होता. बल्गेरियाचा सामुइल दिवसेंदिवस प्रबळ होत होता. त्याला धडा शिकवण्यासाठी बेसिलने सोफियाला वेढा घातला. वीस दिवस झाले, पण शहर काही पडेना. धान्य संपत आले, तटाला भिडवलेली यंत्रे शत्रूने जाळून टाकली. अखेर सम्राटाने माघारीचा हुकूम दिला.

माघारीचे आणखी एक कारण सुमारे शंभर वर्षांनंतर लिहिणाऱ्या स्कायलित्झेस या इतिहासकाराने नोंदवले आहे. मागचे घाट राखण्यासाठी मेलिसेनोस या सरदाराला प्लॉव्हडिव्हला ठेवले होते. त्याच्याशी वैर असलेला सेनापती कोंतोस्तेफानोस रात्री सम्राटाच्या तंबूत आला आणि म्हणाला, की मेलिसेनोस सिंहासन बळकावायला राजधानीकडे निघाला आहे. दहा वर्षांपूर्वीच एका बंडाने साम्राज्य हादरले होते, त्यामुळे बेसिलचा यावर लगेच विश्वास बसला. घाईघाईने तळ उठला.

खिंडीत सामुइलचे सैनिक वाट पाहतच होते. वरून हल्ला झाला आणि पुढे-मागे सरकायला जागाच उरली नाही. सम्राटाचा तंबू, खजिना, सामानसुमान सारे शत्रूच्या हाती गेले. सम्राटाच्या सेवेत असलेला लिओ नावाचा एक धर्मसेवक त्या गर्दीत होता. शत्रू दरीत पोहोचण्याआधी आपला घोडा भरधाव सुटला आणि पलीकडचा चढ चढून गेला म्हणून आपण वाचलो, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

बेसिल कसाबसा प्लॉव्हडिव्हला पोहोचला. तिथे मेलिसेनोस शांतपणे आपले काम करीत होता! बातमी खोटी होती. उलट कोंतोस्तेफानोस वाद घालू लागला, तेव्हा संतापलेल्या सम्राटाने त्याची दाढी धरून त्याला जमिनीवर आपटले.

पण दाढी ओढून गेलेली पत परत येत नाही. सम्राट दुबळा आहे, ही बातमी पूर्वेपर्यंत पोहोचली. जुना बंडखोर बार्दास स्क्लेरोस बगदादच्या कैदेतून सुटून परतला. पूर्वी सम्राटासाठी त्यालाच हरवणारा बार्दास फोकास याने 987 मध्ये स्वतःला सम्राट म्हणवले आणि स्क्लेरोसला गोड बोलून कैदेत टाकले. खोट्या बंडाच्या भीतीने पराभव ओढवला आणि त्या पराभवातून खरे बंड उभे राहिले.

बेसिलने किएव्हचा राजा व्लादिमीर याच्याकडे मदत मागितली. सहा हजार योद्धे आले. बदल्यात सम्राटाची बहीण ॲना हिला लग्न करून त्या परक्या देशी जावे लागले. 13 एप्रिल 989 रोजी अबिदोसच्या रणांगणावर फोकास घोड्यावरून अचानक कोसळला आणि मरण पावला. त्याच वर्षी म्हाताऱ्या स्क्लेरोसनेही शरणागती पत्करली.

बेसिल मात्र ती खिंड विसरला नाही. 29 जुलै 1014 रोजी क्लायडियोनच्या घाटात सामुइलने वाट अडवली, तेव्हा बेसिल समोर ठाण मांडून राहिला. त्याचा सेनापती झिफियास याने रानातल्या वाटेने बेलासित्सा डोंगराला वळसा घातला आणि शत्रूला पाठीमागून गाठले. हजारो बल्गेरियन कैद झाले. त्या कैद्यांचे डोळे काढण्याची क्रूर शिक्षा दिल्याचे बखरकार सांगतात. त्यांचा पंधरा हजार हा आकडा मात्र अनेक इतिहासकारांना पटत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सामुइल वारला आणि 1018 मध्ये बल्गेरिया साम्राज्यात सामील झाला.

सोफियाहून प्लॉव्हडिव्हला जाणाऱ्यांनी बोगद्यापाशी थोडी वाट वाकडी करून टेकडीवर जरूर जावे. वरून ती चिंचोळी वाट नीट दिसते. डोंगराने फक्त वाट अरुंद केली होती. फौज बुडवली ती आपल्याच माणसांवरच्या अविश्वासाने.