आबांचं लाल तोंड

पोखर्णीत आमच्या आबांचं लालबुंद तोंड म्हणजे ठणठणीत तब्येतीची खूण. नृसिंह जयंतीला देवळात कुणीतरी म्हणायचंच, “आबा, काय रगत हाय तुमचं!” अंघोळीनंतर मात्र त्यांचं अंग खाजेनं पेटायचं आणि आजी खोबरेल चोळत बसायची.

सत्तरच्या दशकात डोळ्यांपुढं अंधारी येऊ लागली, तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. मीटरगेजनं मनमाड, तिथं गाडी बदलायची, मांडीवर दशम्यांचं गाठोडं. आजाराचं नाव निघालं पॉलिसायथेमिया व्हेरा. अस्थिमज्जा तांबड्या पेशी बेसुमार करते आणि रक्त घट्ट होतं. आधी बाटलीनं रक्त काढलं, मग शिरेतून फॉस्फरस-३२ दिलं. आमच्या घरात ते ‘अणूचं औषध’. हाडं फॉस्फरस ओढून घेतात, त्यातले बीटा किरण मज्जेला आवरतात आणि १४.३ दिवसांत त्याचा जोर निम्म्यावर येतो.

आबांचं तोंड निवळलं. आजीनं नृसिंहाला नारळ फोडला.

पण किरणांना तांबडी पेशी आणि पांढरी पेशी यांतला भेद कळत नाही. रोगाशी लढणाऱ्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी तर किरणांपुढं फारच नाजूक. विभाजन न होताही त्या मरतात. ज्या उरतात, त्यांतल्या काही तुटकी गुणसूत्रं वर्षानुवर्षं वागवतात. त्या हिवाळ्यात आबांच्या पायातल्या काट्याची जखम लवकर भरली नाही. ते औषधामुळंच, असं मी म्हणणार नाही. पण पांढऱ्या पेशींचं आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. १९६७ साली सुरू झालेल्या, ४३१ रुग्णांच्या एका अभ्यासातून पुढं दिसलं की नुसतं रक्त काढलेल्यांपेक्षा हे औषध घेतलेल्यांत रक्ताचा कर्करोग जास्त होतो.

आता आमच्याच गल्लीतल्या एका काकूंना तोच आजार आहे. २००५ साली सापडलेला जॅक-टू जनुकातला बदल साध्या रक्ततपासणीत कळला. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, अ‍ॅस्पिरिन आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४५ टक्क्यांच्या आत ठेवायचं. पांढऱ्या पेशींचा आकडाही दर खेपेला मोबाइलवर येतो. फॉस्फरस-३२ आता क्वचितच, तेही फार म्हाताऱ्या रुग्णांना देतात.

मुंबईला निघताना आबांना निरोप द्यायला अख्खी गल्ली लोटली होती. काकूंचा रिपोर्ट मुकाट येतो. त्या गर्दीची आठवण येते, पण मला काकूंचा काळ हवा.

घरात कुणाला अंघोळीनंतर खाज सुटत असेल आणि हिमोग्लोबिन जास्त निघालं, तर ‘रक्त चांगलं आहे’ म्हणून तो कागद घडी करून ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा.